न वाजता निघणारी गाडी

आमच्या जुन्या गाडीचं एक बरं होतं. ती सुरू झाली की दुसऱ्या मजल्यावर कळायचं. आधी खोकायची, मग घरघरायची, आणि मी पोळ्या लाटता लाटता खिडकीतून ओरडायची, "कुठं निघाले हो?" नवी गाडी आली आणि ही सोय संपली. विजेवर चालत असली की ती हूं की चूं करत नाही. पार्किंगमधल्या दगडाच्या चुरीवर टायर कुरकुरतात, बस. आता मे महिन्याच्या दुपारी, अख्ख्या बिल्डिंगचे कूलर धडधडत असताना ती कुरकुर ऐकायची म्हणजे कान किती ताणावे लागतात, ते मला विचारा.

मी ताणायची. जेवणं झाली की आडवी व्हायची, पण झोपायची नाही. डॉक्टरांनी आमच्या यांना गाडी चालवायची सक्त मनाई केली होती, आणि मी डोळे मिटले की हे खाली उतरून गाडी काढतात असा माझा संशय होता. या कुशीवर कूलर जास्त ऐकू येतो म्हणून त्या कुशीवर वळायची. मग वाटायचं, या कानाला कमीच येतं. उठून गॅलरीत जायची. आमच्या गॅलरीतून पार्किंग दिसत नाही, समोरचा कडुनिंब तेवढा दिसतो. त्या कडुनिंबाकडे बघून परत यायची. महापालिकेच्या शाळेत जन्मभर पोरांना शिकवलं, की उगाच काळजी करू नये. स्वतःला काही ते शिकवता आलं नाही.

यांना काचबिंदू आहे. समोरचं लख्ख दिसतं. पेपर वाचतात, मला सुईत दोरा ओवून देतात, दवाखान्यातल्या पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ धडाधड म्हणून दाखवतात. पण बाजूचं गेलं. त्याची तपासणी झाली तेव्हा मी दाराबाहेर बाकावर बसली होती. आत एका यंत्रात डोकं घालून बसायचं आणि कुठंही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. बटणाचा टक् आवाज बाहेर येत होता. टक्, टक्, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, तपासणी संपली. संपली नव्हती. ठिपके चमकत होते आणि यांना दिसत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "काका, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाजूनं कोणी आलं तर तुम्हाला कळणारच नाही." यांनी मान डोलावली. बाहेर आल्या आल्या मला म्हणतात, "त्यायची मशीनच बरोबर नाही. क्यालिब्रेशन केलं नसंन. मले सगळं दिसते वं."

मला धडकी भरली ती तेव्हापासून. हे आंधळे होतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी वेगळीच. कोणाचं तरी लेकरू आमच्या गाडीखाली येईल आणि यांना शेवटपर्यंत कळणार नाही, ही. ज्या गाडीचा आवाज रस्त्यावरच्यांना येत नाही, ती गाडी असा माणूस चालवणार, ज्याला रस्त्याच्या कडेची माणसं दिसत नाहीत. जेवताना घास हातात राहायचा माझ्या.

आणि गाडी सोडा म्हणावं, तर ती नुसती गाडी नव्हती ना. सासरे गिरणीत होते, जन्मभर सायकलवर गेले-आले. हे शिकले, कोराडीच्या वीज केंद्रात लागले आणि कंट्रोल रूममधून शिफ्ट इनचार्ज म्हणून रिटायर झाले. विमानतळाजवळ मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणारा एकजण परदेशात निघाला, त्याची ही प्लग-इन हायब्रिड यांनी सेकंड हँड घेतली. तारेनं चार्ज करायची, शहरातल्या शहरात विजेवर फिरायची, आणि वीज संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू. यांना तर हर्ष झाला. "याले म्हणतात स्टँडबाय," म्हणाले. "एक गेलं तं दुसरं तयार. माणसालेबी असं पाहिजे होतं." शेजारी म्हणाले, लिंबू-मिरची बांधा. आम्ही गाडी दीक्षाभूमीवर नेली, हात जोडले आणि घरी आलो. त्या दिवशी हे इतके सावकाश चालवत होते की मागचे रिक्षावाले शिव्या देत होते. यांना त्याही गोड लागत होत्या.

गाडी घेणं सोपं, तिची उस्तवार करणं म्हणजे घरात जावई ठेवण्यासारखं. आधी सोसायटीत भांडण. आमच्या मीटरवरून खाली तार नेली तर म्हणे सगळ्यांना शॉक बसेल. मग चार्जरच लाल दिवा दाखवून अडून बसला. यांनी शोधून काढलं की बिल्डिंगचं अर्थिंग कमजोर आहे, आणि असं असलं की हा चार्जर वीज घेतच नाही. मग यांनी कंपाउंडच्या कोपऱ्यात स्वतः खड्डा खणून घेतला, त्यात तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घालून वेगळं अर्थिंग केलं. कोळशाचं पोतं बघून वॉचमन म्हणाला, "साहेब, इथं शेगडी लावून राहिले का?"

खड्डा झाला, पण नागपूरचा उन्हाळा तो. जमीन वाळली की अर्थिंग पुन्हा ढिलं, पुन्हा लाल दिवा. त्यावर उपाय एकच, खड्ड्यात पाणी घालायचं. वीज केंद्रातही उन्हाळ्यात घालतात, असं यांनीच सांगितलं होतं. लोक तुळशीला पाणी घालतात, आमचे हे खड्ड्याला घालायचे. रोज दुपारी बादली उचलायची आणि निघायचं. "अर्थिंगले पाणी घालून येतो वं."

मी म्हणायची, "एवढ्या उन्हात? संध्याकाळी घाला."

"दुपारीच सुकते ना ते."

डॉक्टरांनी मनाई केल्यावरही बादली चालूच राहिली. मी म्हटलं, चला, तेवढाच विरंगुळा. चालवता येत नाही तर धुऊ दे, पुसू दे, पाणी घालू दे. पण बादलीभर पाण्याला किती वेळ लागतो हो? हे गेले की मी पडून ऐकायला लागायची. परत आले की निरखून बघायची. अंगाला गाडीच्या एसीचा गारवा येतो का, ते हातानं बघायची. आणि गाडीतलं चार्जिंग सकाळी पूर्ण असायचं, ते संध्याकाळी कमी कसं? विचारलं तर उत्तर तयार. "उन्हात उभी आहे. बॅटरी थंडी ठेवाले करंट खाते ते." यांचं आयुष्य यंत्रात गेलेलं, मी मराठी शिकवणारी. मला काय कळणार? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस हे बादली घेऊन गेले आणि मी पायात चपला सरकवून मागोमाग उतरली. खड्ड्याजवळ बादली होती. काठोकाठ भरलेली, तशीच. चार्जरची तार खुंटीला व्यवस्थित गुंडाळून टांगलेली. गाडी नाही.

आरडाओरडा करून काय उपयोग? मी डोक्यावर पदर घेतला आणि पार्किंगच्या खांबाला टेकून उभी राहिली. ऊन असं की खांब तापून पाठीला चटके देत होता. एकदा वाटलं, फोन लावावा. मग वाटलं, फोन वाजेल, हे फोनकडे बघतील आणि तेवढ्यात काहीतरी होईल. फोन हातात घट्ट धरून मी गेटाकडे बघत बसली. गेटातून कोणी आलं की मान उंचावून बघायची. पोस्टमन आला, वरच्या मजल्यावरची मुलगी आली. तिनं विचारलं, "काय झालं काकू?" मी म्हटलं, "काही नाही वं, हवा खात आहे." नागपुरात मे महिन्यात दुपारी पार्किंगमध्ये हवा खात आहे!

आणि मग गाडी आली. खरंच आवाज नाही. गेटातून वळली, सरळ माझ्या दिशेनं आली आणि माझ्या अगदी बाजूनं गेली. मी हात लांबवला असता तर काचेला लागला असता. हे समोर बघत होते, चेहरा कसा शांत, सुखी. गाडी जागेवर लागली, बरोबर रेषेत. हे उतरले, बादली उचलायला वाकले.

"कुठं गेले होते?" मी म्हटलं.

दचकून बादलीच हिंदकळली. "तू कुठून आली?"

"आली कुठून काय! इथंच उभी आहे मघापासून. तुम्ही माझ्या अंगावरून गाडी घेऊन गेले."

"काहीतरीच. तू मागं होती."

"खांबाजवळ होती मी! खांब दिसला ना तुम्हाला? मग मी काहून नाही दिसली?"

यांनी खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सरळ खड्ड्यात पाणी ओतलं. वर आल्यावर म्हणाले, "रिंग रोडवर गेलो होतो, रिकामा असते दुपारचा. कोणाले काही झालं का आजपर्यंत? सांग ना. झालं का?" मी रडली. रागानं रडली. दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि कुठं लपवल्या ते लेकीलाही सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी बरे जायला हवे होते. नाही गेले. हे घरातच असायचे आणि सतत उठबस करायचे. पंखा लावायचे, बंद करायचे. फ्रीजच्या मागं कान लावायचे. मिक्सर खोलून बसले. आणि येता जाता एकच पालुपद. "मशीन उभी ठेवली की मरते. स्टँडबाय पंपसुद्धा दर आठवड्याले फिरवा लागते. तू मारून राहिली त्या गाडीले." खोटं नव्हतं ते. एकदा मी किल्ली माझ्या हातात ठेवून यांना गाडीत बसवलं, तर पडद्यावर सूचना आली की टाकीतलं पेट्रोल जुनं झालं, इंजिन चालवा. पुढच्या वेळी दारच उघडेना, कारण गाडीतली छोटी बॅटरी उतरली होती. एवढी मोठी बॅटरी पोटात असून छोटीमुळे अडली. हे बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. यांचा तो चेहरा मला बघवला नाही.

लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, विकून टाका ना सरळ." यांनी ते ऐकलं. "मलेबी विका मग संगं," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

मी रात्रभर तळमळली आणि सकाळी उठून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. माझ्या वयाच्या बायका तीर्थाला जातात. मी पिवळ्या पाटीच्या खटारा गाडीत बसून क्लचवर पाय द्यायला शिकत होती आणि शिकवणारा पोरगा "मॅडम, ब्रेक! ब्रेक!" म्हणून बोंबलत होता. साठी ओलांडलेल्या बाईवर कोणी ओरडलं की तिला एक तर रडू येतं, नाही तर राग. मला राग येतो. रागारागात शिकली. लायसन्स आलं तेव्हा मी ते यांच्या ताटाजवळ ठेवलं.

यांनी उलटसुलट करून बघितलं. "फोटो चांगला आला नाही."

"किल्ली पाहिजे की नाही?"

"तू चालवशीन?"

"मी चालवीन. तुम्ही बाजूला बसा आणि तुमचं इंजिन फिरलं की नाही ते बघा."

रविवारी सकाळी आम्ही मिहानकडे जायला लागलो. तिकडचे रस्ते रुंद आणि सुट्टीच्या दिवशी सुने. हे डावीकडच्या सीटवर बसून जणू वीज केंद्रातली शिफ्ट चालवायचे. "आता चार्जवर ने. आता इंजिनवर टाक. दे दणका, अजून दे." इंजिन सुरू झालं की डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हं, आता श्वास घेऊन राहिली." पेट्रोल पंपावर तर तमाशाच. या गाडीच्या टाकीचं झाकण लगेच उघडत नाही, बटण दाबून आतला दाब निघेपर्यंत थांबावं लागतं. मागचे हॉर्न वाजवायचे, पंपावरचा माणूस म्हणायचा, "काकू, करंटवाली गाडी आहे ना ही, पेट्रोल कायले पाहिजे?" आणि आमचे हे खिडकीतून त्याला अख्खं तंत्रज्ञान समजावून सांगायचे.

हळूहळू घरात हसू आलं. मी दुपारी झोपायला लागली. हे मला गाडी चालवण्यावरून चिडवायचे, मी यांना बसल्या जागी ब्रेक दाबण्यावरून चिडवायची, कारण यांचा उजवा पाय खाली काहीतरी शोधत असायचाच. तरी बेचैनी पूर्ण गेली नव्हती. मधूनच म्हणायचे, "मिहानच्या रस्त्यावर एकदा मले दे. इथं कोण आहे?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. हे मानलेच नव्हते ना. माझ्या हट्टापुढे गप्प होते, एवढंच. कधीतरी मी आजारी पडेन, माहेरी जाईन, किल्ली विसरेन, आणि हे पुन्हा निघतील. ते मला रोज माहीत असायचं.

थंडीच्या सुरुवातीला जरीपटक्याच्या बाजारात गेलो. लेकीच्या सासरी द्यायला ब्लँकेट घ्यायचं होतं. गर्दीत गाडी नेण्याची ती माझी पहिलीच वेळ. नीट नेली, एका दुकानाच्या कडेला जागा मिळाली, ब्लँकेट घेतलं, गरम जिलेबी खाल्ली. हे म्हणाले, "आता तू पक्की झाली." मी अशी फुशारली की विचारू नका. आणि बहुतेक त्या फुशारकीतच माझ्याकडून ते झालं.

निघताना डावीकडच्या गल्लीत वळायचं होतं. माझं लक्ष समोरच्या हातगाडीवर. लग्न झाल्यापासून कुठलाही रस्ता ओलांडताना मी यांनाच विचारत आली आहे. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "डावीकडे बघा हो, कोणी आहे का?"

यांनी बघितलं. उडतउडत नाही, नीट बघितलं. आणि ठाम आवाजात म्हणाले, "मोकळं आहे. घे."

मी स्टिअरिंग फिरवलं. काय वाटलं देव जाणे, आरशात नजर गेली आणि मी ब्रेकवर उभीच राहिली. गाडी गचकन थांबली. डाव्या आरशाला काहीतरी घासलं, आरसा खटकन आत दुमडला. एक बाई स्कूटीवर होती, पुढं पाय ठेवायच्या जागी तिची मुलगी उभी. बाईनं एक पाय टेकवून कशीबशी गाडी सावरली. मुलीचा तळहात आमच्या बोनेटवर येऊन टेकला होता. छोटासा हात, बांगड्या घातलेला. लागलं कोणालाच नव्हतं. मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती आमच्याकडे बघत होती. तिची आई मात्र माझ्यावर कडाडली, "अंधे हो क्या? बच्ची दिखती नहीं?"

मी काच खाली करून हात जोडले. "माफ करो बेटा, गलती हो गई," म्हणाली. ती बडबडत निघून गेली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. मला वाटलं, आता हे म्हणतील, ती मागून आली, गाडीचा आवाज नसते म्हणून तिले समजलं नाही, आरसा बरोबर लावला नव्हता तू. मी वाट बघत होती. म्हणाले असते तर तिथल्या तिथं भांडली असती मी.

हे डावीकडच्या काचेतून बाहेर बघत होते. मान पूर्ण वळवून, जिथं स्कूटी होती त्या जागेकडे.

"मी पाहिलं होतं वं," म्हणाले. आवाज अगदी बारीक. "खरंच पाहिलं होतं. कोणी नव्हतं. दुकानाची पायरी दिसून राहिली होती मले. रस्ता होता. पूर्ण रस्ता होता तिथं."

मागचे हॉर्न वाजवायला लागले होते.

मग यांनी माझ्याकडे बघितलं. "दुपारचा तो रिंग रोड," म्हणाले. "तोबी असाच रिकामा होता."